एक स्लॅश कमी, एक स्लॅश जास्त

सी भाषेतल्या एखाद्या फाइल पाठवणाऱ्या युटिलिटीवर 'पाथ हँडलिंग जरा सुधारून घ्या' असं तिकीट आलं, की त्यातला 'जरा' ज्यानं लिहिला त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपुरातल्या झिरो माइलच्या, म्हणजे जिथून अंतरं मोजत त्या, खांबाशी उभं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चार घोडे आहेतच तिथं, सोबत होईल.

झिरो माइल उगाच नाही काढला. पाथ म्हणजे पत्ता, आणि पत्ता सांगायच्या नागपुरात दोन रीती. एक, झिरो माइलपासून मोजत यायचं. तो ॲब्सोल्यूट पाथ, स्लॅशनं सुरू होणारा, कोणीही कुठूनही वाचला तरी तोच. दुसरी रीत पानठेल्यावरची: "सरळ चालले जा, चौक लागंल, तिथं कोणालेही विचारा." हा रिलेटिव्ह पाथ. विचारणारा कुठं उभा आहे, यावर त्याचा सगळा अर्थ. आपला प्रोग्रॅम टर्मिनलवरून चालवला तर आपल्या फोल्डरात उभा असतो, क्रॉननं, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीनं, चालवला तर होम डिरेक्टरीत, आणि सिस्टिम-डीची (लिनक्सवर पडद्यामागची कामं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) सर्व्हिस म्हणून चालवला तर, वेगळं काही सांगितलं नसल्यास, थेट रूटवर, म्हणजे सगळ्यात वरच्या '/' फोल्डरात. "माझ्या मशीनवर तर चालून राहिलं ना भाऊ" या सुप्रसिद्ध वाक्याचा मोठा भाग इथंच जन्माला येतो.

आता खरं काम. एक डिरेक्टरी आहे, एक फाइलचं नाव आहे, दोन्ही जोडून एक पाथ करायचा. दुसऱ्या कुठल्याही भाषेत ही एक ओळ. सीमध्ये हा संसार आहे. जुन्या कोडात हमखास सापडतं ते असं: २५६ कॅरेक्टरचा ॲरे (ठरावीक मापाची जागा, म्हणजेच बफर), त्यात नक्कल करणाऱ्या स्ट्रिंग-कॉपीनं डिरेक्टरी, मग शेवटी जोडणाऱ्या स्ट्रिंग-कॅटनं स्लॅश, मग स्ट्रिंग-कॅटनं नाव. हा २५६ कुठून आला ते विचारायचं नसतं. लिनक्सवर एका नावाची मर्यादा २५५ बाइट आणि अख्ख्या पाथची ४०९६, त्यातही मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट धरून. म्हणजे २५६ मध्ये जेमतेम एक नाव मावतं, डिरेक्टरीनं बाहेर उभं राहायचं.

त्यातून आपली मराठी. यूटीएफ-८ या नेहमीच्या लिपी-संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं. 'नागपूर' म्हणजे १८ बाइट. इतवारीतल्या एखाद्या दुकानातून 'मार्चअखेर_हिशोब_अंतिम_नवीन' अशी फाइल निघते, ती डोळ्यांना १४ अक्षरं आणि ३ अंडरस्कोअर दिसते, डिस्कला ७२ बाइट. २५५ला तिनानं भागलं की ८५ चिन्हं उरतात. त्यात पुढं '_फायनल', '_फायनल_२', 'हीच_बघा' लागत जाणार, हे हिशोबाच्या फाइलींशी संबंध आलेल्या कोणालाही सांगायला नको.

कोणीतरी शहाणा मग स्ट्रिंग-कॉपी काढून मापाची मर्यादा पाळणारं स्ट्रिंग-एन-कॉपी लावतो आणि 'सुरक्षित केलं' म्हणून तिकीट बंद करतो. स्ट्रिंग-एन-कॉपीची खोड अशी, की मूळ मजकूर बफरएवढा किंवा मोठा असला तर ती शेवटी शून्य बाइट लावतच नाही. मग पुढचं फंक्शन शून्य सापडेपर्यंत मेमरीत भटकत राहतं. त्यापेक्षा मापात मजकूर जुळवून लिहिणारं एस-एन-प्रिंट-एफ बरं. ते शून्य लावतं आणि परत येताना एक आकडाही देतं: पुरेशी जागा असती तर किती लिहिलं असतं. हा आकडा बफरच्या मापाएवढा किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेला. 'एवढा किंवा', निव्वळ 'जास्त' नाही. एवढ्या एका चिन्हावरून कापलेला पाथ सहीसलामत पुढं जातो.

आणि कापलेला पाथ हा तुटलेल्या पाथपेक्षा वाईट. तुटलेला निदान ओरडतो. कापलेला मुकाट्यानं दुसरीच फाइल उघडतो, तिच्यावर लिहितो आणि 'यशस्वी' छापतो. देवनागरी नाव मधूनच कापलं गेलं तर शेवटी ३ पैकी १ किंवा २ बाइट लोंबकळत राहतात आणि यादीत चौकोनी ठोकळे दिसतात. म्हणून नाव कापून बसवायचंच नाही. लांबी मोजा, डिरेक्टरी अधिक नाव अधिक २ एवढी मेमरी मागा (एक स्लॅशचा, एक शून्याचा), आणि मर्यादेबाहेर असेल तर 'नाव फार लांब' म्हणून सरळ नाही म्हणा.

स्लॅशचं प्रकरण मात्र निवांत बसून बघण्यासारखं आहे. डिरेक्टरीच्या शेवटी स्लॅश असेल तर लावू नका, नसेल तर लावा. इतकं सोपं. मग शेवटचं अक्षर बघायला लोक 'लांबी वजा एक' या जागेवर जातात. डिरेक्टरीचं नावच रिकामं असलं तर लांबी शून्य, आणि लांबीचा प्रकार उणे जाणत नाही. शून्यातून एक गेला की तो अवाढव्य आकडा होतो आणि आपण भलत्याच मेमरीत डोकावतो. तिथून वाचलो तरी पुढं खड्डा आहेच: रिकामी डिरेक्टरी, स्लॅश, 'हिशोब', म्हणजे '/हिशोब'. कॉन्फिगमध्ये एक ओळ भरायची राहिली आणि आपली युटिलिटी रूटवर फाइली मांडायला निघाली. सर्वाधिकार असलेल्या रूट युजरनं चालवली असेल तर तिला कोणी अडवणारही नाही. रिकामी डिरेक्टरी म्हणजे '.' (आपण उभे आहोत तेच फोल्डर), हे पहिल्याच ओळीत ठरवून टाकावं.

मागचे जास्तीचे स्लॅश छाटायचे तर छाटा, पण दोन गोष्टी सांभाळून. '/' एकटाच असेल तर त्याला छाटून रिकामं करू नका, नाहीतर वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा लागेल. आणि छाटण्याआधी स्लॅश होता की नव्हता, याची नोंद ठेवा. फाइली जुळवणाऱ्या आर-सिंकमध्ये सोर्सच्या शेवटी स्लॅश असला तर फोल्डरातला माल जातो, नसला तर फोल्डरासकट जातो. लोकांच्या बोटांना ती सवय लागलेली आहे. आपली युटिलिटी वेगळं वागली तर शिव्या आपल्यालाच.

नावाचा शेवटचा तुकडा काढायला बेसनेम नावाचं तयार फंक्शन आहे. खरं तर दोन आहेत, नाव एकच. पॉसिक्स या युनिक्स-मानकातलं '/डेटा/इतवारी/' ला 'इतवारी' म्हणतं, जीएनयूच्या लायब्ररीतलं त्यालाच रिकामी स्ट्रिंग म्हणतं. कोणतं मिळेल ते हेडर (फंक्शनांची जाहीर यादी असलेली फाइल) कोणतं घेतलं यावर. पॉसिक्सचं वर तुम्ही दिलेल्या स्ट्रिंगमध्ये खाडाखोडही करू शकतं. स्वतःच्या चार ओळी लिहिलेल्या बऱ्या.

इथवर सगळे सज्जन होते. आता समोरून आलेलं नाव. फाइल पाठवणारा सांगतो की हिचं नाव अमुक, आणि आपण ते डिरेक्टरीला जोडून लिहितो. त्यानं '../../' (दोन फोल्डर वर चढा) लावून पाठवलं तर? मोठ्यांचंही इथं चुकलेलं आहे. दुसऱ्या मशीनवरून फाइल आणणाऱ्या एससीपीचा क्लायंट १९८३ च्या आरसीपी या जुन्या प्रोग्रॅमपासून आलेला. २०१९ मध्ये जाहीर झालं, की सर्व्हरनं मागितलेल्या फाइलीऐवजी भलतीच फाइल भलत्या नावानं पाठवली तरी तो नीट न तपासता लिहून मोकळा होतो. पुढं ज्या ओपन-एसएसएच संचात एससीपी येतं, त्याच्या ९.० आवृत्तीत, २०२२ साली, ते आतून एसएफटीपी ही वेगळी पद्धत वापरू लागलं.

यावरचे घरगुती उपाय मूळ रोगापेक्षा मनोरंजक असतात. पहिला: नावातून '../' शोधून काढून टाका. मग कोणी '....//' पाठवतं, त्यातलं मधलं '../' तुम्ही काढता आणि उरतं '../'. चोराला आपणच शिडी दिली. दुसरा उपाय: नावात कुठंही दोन टिंबं दिसली की हाकला. म्हणजे 'हिशोब..जुना' अशी बापडी फाइल अडकते, चोर सोडून संन्याशाला फाशी. तिसरा: पूर्ण पाथ '/डेटा/धरमपेठ' नं सुरू होतो का ते बघा. '/डेटा/धरमपेठ_एक्स्टेंशन' ही त्यानंच सुरू होते, आणि ती दुसऱ्याची आहे. जुळल्यावर पुढचं अक्षर स्लॅश किंवा शून्य आहे का, हे बघितलं नाही तर ही तपासणी शोभेची.

रिअलपाथ हे फंक्शन सगळे सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) सोडवून खरा पाथ देतं, पण फाइल अस्तित्वात असावी लागते. येणारी फाइल अजून यायचीच असते. म्हणजे आईबापाचा, पेरेंट डिरेक्टरीचा रिअलपाथ काढायचा आणि नाव नंतर जोडायचं. त्याला बफरच्या जागी नल (रिकामा पत्ता) दिला तर मेमरी तो स्वतः घेतो, फ्री मात्र आपण करायची. तरी तपासणं आणि उघडणं यांच्या मधल्या क्षणी कोणी फोल्डर काढून तिथं सिमलिंक ठेवला, तर तपासणी वाया.

म्हणून मला पटलेली रीत अशी. स्लॅशवर तुकडे करा. रिकामा तुकडा आणि '.' सोडून द्या. तुकडा अख्खाच्या अख्खा '..' असेल तर नकार द्या, हिशोब जुळवत बसू नका, 'क/../ख' म्हणजे 'ख' हे 'क' सिमलिंक असला की खोटं ठरतं. मूळ डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या डिरेक्टरीचा क्रमांक) धरून ओपन-ॲटनं एकेक तुकडा ओ-नोफॉलो ('सिमलिंकमागं जाऊ नको') लावून उघडत जा. ओ-नोफॉलो फक्त शेवटच्या तुकड्याला लागू होतो, म्हणून तर एकेक. लिनक्स ५.६ पासून ओपन-ॲट-२ आहे, त्याला 'याच डिरेक्टरीच्या आत राहा' असं एकदाच सांगता येतं. सीची लायब्ररी असलेल्या जी-लिबसीच्या बऱ्याच आवृत्त्यांत त्याचं तयार फंक्शन (रॅपर) नाही, सिसकॉल, म्हणजे कर्नलला थेट हाक, हातानं करावा लागतो. नाव यूआरएलमधून आलं असेल तर टक्केवाले कोड ('%2F' सारखे) आधी सोडवा, एकदाच, आणि तपासणी त्यानंतर. सोडवल्यावर मध्येच शून्य बाइट निघाला तर सीच्या दृष्टीनं नाव तिथंच संपतं: तपासलं एक, उघडलं दुसरं.

आता विदर्भाचा खास वाटा. 'वऱ्हाड' नावाची फाइल बनवा. त्यातला 'ऱ' एकाच चिन्हानं लिहिता येतो. र आणि नुक्ता असा दोन चिन्हांनी लिहिता येतो. शिवाय र, हलंत आणि न दिसणारा जोडक असाही लिहिता येतो. पहिलं १८ बाइट, उरलेली दोन्ही २१. पडद्यावर तिन्ही जुळी भावंडं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमला बाइट कळतात, वऱ्हाड कळत नाही, त्यामुळे एकाच फोल्डरात तीन 'वऱ्हाड' सुखानं नांदतात आणि सिंक करताना 'फाइल सापडली नाही' येतं. टेस्टरचं त्यावर एकच म्हणणं: "भाऊ, दिसून तर राहिली ना समोर!" नॉर्मलायझेशननं, म्हणजे युनिकोडच्या नियमानं एकरूप केलं की, पहिली दोन एक होतात, तिसरं नाही. माझं मत, फक्त तुलनेपुरतं नॉर्मलाइझ करा. आलेलं नाव जसं आलं तसंच डिस्कवर ठेवा.

एक्स्टेन्शन तपासताना टू-लोअर (इंग्रजी अक्षरं लहान करणारं फंक्शन) वापरता ना? देवनागरीचा पहिला बाइट २२४ असतो. 'चार' (char, सीमधला एका बाइटचा प्रकार) साइन्ड, म्हणजे उणे आकडे धरणारा, असलेल्या कंपायलरवर तो उणे ३२ होतो, आणि उणे आकडा टू-लोअरला देणं नियमबाह्य आहे. कुठं चालून जातं, कुठं कोसळतं. आधी अनसाइन्ड चारमध्ये कास्ट करा.

'~' म्हणजे होम फोल्डर, हा अर्थ आज्ञा वाचणाऱ्या शेलला कळतो, फाइल उघडणाऱ्या ओपनला नाही. कॉन्फिगमधल्या '~/आवक' साठी प्रोग्रॅम बिचारा '~' नावाचंच फोल्डर बनवतो. मग कोणीतरी ते साफ करायला पुसण्याची 'आरएम' आज्ञा चालवतो, अवतरणाशिवाय, आणि शेल त्याचं होम फोल्डर पुढं करतं.

विंडोजबद्दल थोडक्यात, कारण सविस्तर लिहिलं तर रक्तदाब वाढतो. पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरं. स्लॅश दोन्ही चालतात, म्हणून तपासणी दोन्हींसाठी; लिनक्सवर मात्र '\' हे नावातलं साधं अक्षर आहे, ते बदलायला जाऊ नका. नावाच्या शेवटचं टिंब आणि स्पेस गुपचूप गळतात. 'कॉन', 'नल', 'ऑक्स' (CON, NUL, AUX) ही नावं राखीव. साध्या एफ-ओपनला यूटीएफ-८ मधलं मराठी नाव दिलं तर प्रोग्रॅमचा कोडपेज (अक्षरं वाचायचा संकेत) यूटीएफ-८ केलेला नसेल तेव्हा त्याची भलतीच अक्षरं होतात, आणि प्रश्नचिन्ह तर विंडोजच्या नावात चालतच नाही.

येणारी फाइल आधी '.पार्ट' लावून लिहायची, पूर्ण झाली की रिनेम करायची, ही चांगली सवय. फक्त तात्पुरती फाइल त्याच डिरेक्टरीत हवी. टेम्प फोल्डर वेगळ्या फाइल सिस्टिमवर असला तर रिनेम ई-एक्स-डेव्ह ('फाइल सिस्टिम वेगळी') ही चूक सांगून परत येतं. आणि २५५ बाइटच्या नावाला शेपूट लावायला जागा नसते, म्हणून तात्पुरतं नाव मूळ नावावरून न बनवता छोटं, स्वतंत्र ठेवा.

राहिल्या टेस्ट. ही सगळी विचित्र नावं बनवून रिपॉझिटरीत (कोडच्या सामाईक साठ्यात) टाकायचा मोह होतो. टाकू नका. 'ऑक्स' आणि प्रश्नचिन्हवाली फाइल तिथं गेली, की विंडोजवाल्याचा चेकआउटच अडतो आणि तो विचारतो, "काहून दादा, माह्यासोबत काही दुश्मनी?" टेस्ट सुरू होताना तात्पुरत्या फोल्डरात नावं बनवा, संपल्यावर पुसा. पुसायला आत जाऊन 'आरएम *' चालवणार असाल, तर त्या फोल्डरात टेस्ट म्हणून '-आरएफ' ('न विचारता आतलं सगळं पुस' असं आरएमला सांगणारा पर्याय) नावाची फाइल आपणच ठेवली आहे, एवढं ध्यानात असू द्या.