कापडी ओटी (ऑपरेशन थिएटर) कॅपने इन्फेक्शन वाढतं? त्या फॉरवर्डला उत्तर

नागपुरातल्या हॉस्पिटल स्टाफच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "कापडी टोपी म्हणजे जंतूंचं घर. ती धुवायला पाणी-वीज जाते, म्हणजे पर्यावरणाचाही फायदा नाही. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती घालवत नाही. डिस्पोजेबलच वापरा." आमच्या ओटीच्या टोप्या शिवून घेण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

जंतूंचं घर? अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात 2017 साली एक अभ्यास छापून आला. खोटं ऑपरेशन मांडून तीन प्रकारच्या टोप्या तपासल्या होत्या. इलॅस्टिकच्या फुगीर डिस्पोजेबल टोपीतून कण आणि जंतू जास्त बाहेर पडले, धुतलेल्या कापडी टोपीतून कमी. पुढच्याच वर्षी तिथल्या एका केंद्राने 15 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती मांडली: ओटीतल्या सगळ्या स्टाफला फुगीर टोपी सक्तीची करूनही जखमेतलं इन्फेक्शन घटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची खरी आहे. तीच टोपी आठवडाभर बॅगेत कोंबून वापरणं चूकच. 2017च्या अभ्यासातल्या कापडी टोप्या घरीच धुतलेल्या होत्या, तरीही माझा आग्रह हॉस्पिटलच्या लाँड्रीचाच आहे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचा नियम 65 अंशांवर किमान 10 मिनिटं किंवा 71 अंशांवर किमान 3 मिनिटं असा आहे. घरच्या बादलीत हे कोण मोजणार? टोपी निर्जंतुक असावी लागत नाही, पण ती स्वच्छ आहे याची खात्री हवी.

पाणी-विजेचा मुद्दा. डिस्पोजेबल टोपी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेली. एका ऑपरेशनपुरती डोक्यावर राहते आणि मास्क-गाऊनसोबत हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून भट्टीत जाते. कापडी टोपी ओटी ड्रेस आणि चादरींच्या त्याच फेरीत धुतली जाते, तिच्यासाठी वेगळं मशीन लावावं लागत नाही. पण दहा धुण्यांत फाटली तर फायदा शून्य, हे मान्य. म्हणूनच सगळा जोर शिलाईवर हवा.

सगळ्यात आधी मरतं ते इलॅस्टिक. गरम पाणी आणि हायपोक्लोराइट (ब्लीच) त्याला सैल करून टाकतात. म्हणून मागे नाडी द्या, ती कुठल्याही डोक्याला बसते. वेल्क्रो नकोच, धुताना त्यात धागे अडकतात आणि शेजारचे कपडे ओरबाडले जातात. कापड घट्ट विणीचं पॉपलिन घ्या, मांजरपाट नको, आणि कापण्याआधी एकदा गरम पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात टोपी आटून कानांच्या वर चढते. आतल्या कडा दुमडून दुहेरी शिलाई मारा. उघड्या कडेचे दोरे ओटीत गळू लागले तर कापडी टोपीचं नाव कायमचं खराब होईल. आणि अंबाड्यासाठी मागे खोल पिशवी हवीच. आमच्या निम्म्या सिस्टर्सचे केस लांब आहेत आणि बाजारातली बहुतेक कापडी टोपी पुरुष सर्जनचं डोकं समोर ठेवून बेतलेली असते.

उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा 45 गाठतो, पण ओटीत एसी असतो. घाम येतो तो दिव्याखाली, चार-चार तास उभं राहून. पॉलिप्रॉपिलीन घाम शोषत नाही, थेंब सरळ भुवईवर उतरतो. कपाळाशी सुती कापडाची दुहेरी पट्टी लावली की तो तिथेच थांबतो. पट्टी भिजली की दोन ऑपरेशनच्या मध्ये टोपी बदलायची, त्यामुळे माणशी एक टोपी पुरणार नाही, हे खरेदी करतानाच धरा. केंद्रीय कापूस संशोधन संस्था ज्या शहरात आहे, तिथे सुती कापडाची बाजू मांडावी लागते, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक फायदा. 2017 साली सिडनीचे भूलतज्ज्ञ रॉब हॅकेट टोपीवर स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहून ओटीत जाऊ लागले. मास्कमागे कोण आहे हे घाईच्या वेळी कळायला हवं. डिस्पोजेबलवर मार्करने रोज लिहावं लागतं, कापडी टोपीवर एकदाच भरतकाम करून घ्या.

ज्या हॉस्पिटलकडे गरम पाण्याचं मशीन नाही आणि कपडे बाहेरच्या धोब्याकडे गार पाण्यात धुतले जातात, त्यांनी मात्र ती सोय होईपर्यंत डिस्पोजेबलच वापरावी.