मुलाला ‘तयार’ करायला सांगणारा तो मेसेज

‘कोर्टात मूल ज्याचं नाव घेईल त्यालाच ताबा मिळतो. म्हणून मुलाला आधीच तयार करा, बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. लहान मुलांचं तर कुणी ऐकतच नाही. मुलासाठी वेगळा वकील म्हणजे धूळफेक, तो मुलाला भेटतसुद्धा नाही.’

आईबाप वेगळे होताना मुलाचा ताबा कुणाला, याबद्दलचा हा मेसेज कितीतरी दिवस फिरतोय. मी सोडून देत होते. पण माझ्या मावसबहिणीने तो मनावर घेतला. तिचा सात वर्षांचा मुलगा फोनसमोर ‘मला बाबांकडे नाही जायचं’ म्हणाला आणि लगेच आईकडे वळून विचारलं, ‘बरोबर बोललो ना?’ तेही रेकॉर्ड झालंय.

अहो, ताबा म्हणजे मुलाचं मतदान नाही! 1989 चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार बहुतेक देशांनी मान्य केलाय. त्याच्या कलम 3 प्रमाणे मुलाचं हित आधी बघायचं. कलम 12 प्रमाणे मुलाला मत मांडता येतं आणि वय, समज बघून त्याला वजन द्यायचं. वजन द्यायचं, निकाल त्याच्यावर सोडायचा नाही. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने 2009 मध्ये हेही स्पष्ट केलंय, की बोलणं हा मुलाचा हक्क आहे, सक्ती नाही.

शिवाय पढवलेलं बोलणं बरेचदा उघडं पडतं. तोंडात मोठ्यांचे शब्द असतात, ‘म्हणजे काय झालं?’ विचारलं की पोर गप्प. आईची केस त्याने कमकुवत होते ते वेगळंच. मुलाच्या डोक्यात मात्र बसतं, की बाबांना आपण घालवलं. हे ओझं सात वर्षांच्या जिवाने का वाहायचं?

लहानांचं ऐकत नाहीत, हेही चूक. त्याच समितीने किमान वय ठरवू नका म्हटलंय. न बोलणाऱ्या बाळाचं म्हणणं खेळातून, हावभावातून, चित्रांतून समजून घ्यायचं.

वकिलाबद्दलचं अर्धं खरं आहे, मान्य. ऑस्ट्रेलियात मुलाच्या स्वतंत्र वकिलाने, काही अपवाद सोडले तर, मुलाला भेटलंच पाहिजे, हा नियम लागू व्हायला मे 2024 उजाडला. पण म्हणून धूळफेक? तो आईचाही नसतो, बापाचाही नसतो. मुलाची इच्छा कोर्टापुढे ठेवतो, आणि हित त्याहून वेगळं दिसलं तर तेही सांगतो. दोघांच्या वकिलांपैकी हे कोण करणार आहे?

बहिणीला मी एवढंच म्हटलं: त्याने विचारलं तर सांग, ‘तुला वाटतं ते बोल. नसेल बोलायचं तर नको बोलूस. ठरवायचं काम मोठ्यांचं.’