ऑटोपे म्हणजे खात्याची चावी नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आधी बेळगावातल्या वडगावच्या आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, मग खानापूरच्या मावसभावाकडून, मग निपाणीच्या एका जुन्या वर्गमित्राकडून. चौथ्यांदा तो शेजारच्या काकूंनी स्वतः फोन हातात देऊन दाखवला. मजकूर थोडक्यात असा: "मोबाईल बिलाला ऑटोपे लावणं म्हणजे खात्याची चावी कंपनीला देणं. कंपनी हवे तेवढे पैसे न सांगता कापते. तुमचा पिन त्यांच्याकडे जातो. एकदा लावलेलं ऑटोपे बंद होत नाही, बँकही हात वर करते. म्हणून बिल दुकानात रोख भरा, आणि लागलेलं ऑटोपे बंद करायला खालच्या लिंकवर क्लिक करा."

ऑटोपे म्हणजे बिलाची रक्कम दर वेळी खात्यातून आपोआप कापली जावी म्हणून एकदाच दिलेली मंजुरी. काकू एकट्याच असतात. घराच्या मागच्या बाजूला दोन माग, मुलगा पुण्याला नोकरीला. पोस्टपेड नंबर मुलानंच घेऊन दिलाय आणि गेल्या सुट्टीत त्याला ऑटोपेही लावून गेलाय. "माझ्या पेन्शनचं खातं आहे रे ते. सगळं ओढून नेलं तर मी कुणाच्या दारात जाऊ?" त्या विचारत होत्या. ही भीती खोटी नाही. पण मेसेजनं तिला चुकीच्या दिशेला वळवलंय, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून लिहितोय.

पहिला दावा, कंपनी हवी तेवढी रक्कम कापते. कापू शकत नाही. ऑटोपेला मंजुरी देताना पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर सगळं लिहिलेलं असतं: कोण कापणार, दर किती दिवसांनी कापणार, कधीपर्यंत कापणार आणि एका वेळी जास्तीत जास्त किती कापणार. बिल दर महिन्याला बदलणारं असलं तरी ही वरची मर्यादा ठरवावीच लागते. बिल त्याहून मोठं आलं तर ऑटोपेतून ते कापलं जात नाही, अडकतं. त्याच्याही वर रिझर्व्ह बँकेचं कुंपण आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कार्डांसाठी हे नियम आले तेव्हा पिन-ओटीपी न विचारता कापायची मर्यादा २,००० रुपये होती. २०२०च्या जानेवारीत यूपीआय त्यात आलं, पुढं मर्यादा ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,०००. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३ पासून एक लाखाची सूट मिळाली. फोनचं बिल त्या सुटीत नाही.

मात्र एक गोष्ट या मेसेजवाल्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. काकूंचं ऑटोपे उघडून बघितलं. ३९९चा प्लॅन, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याचं बिल ४७० रुपये ८२ पैसे. आणि मर्यादा? ५,००० रुपये. मुलानं घाईत जो आकडा आधीच भरलेला होता तोच राहू दिला. कायद्यानं यात काही गैर नाही, पण पाचशेच्या बिलाला पाच हजारांची मोकळीक कशाला? आम्ही ते ऑटोपे रद्द केलं आणि ६०० रुपयांच्या मर्यादेनं नवं लावलं. काही ठिकाणी आकडा कंपनीच ठरवून पाठवते, तो बदलता येत नाही. तसं असेल आणि आकडा फार मोठा वाटत असेल तर त्या वाटेनं जाऊच नका, कंपनीच्या अ‍ॅपऐवजी आपल्या बँकेच्या किंवा यूपीआय अ‍ॅपच्या बिल भरण्याच्या भागातून लावता येतं का बघा.

आपल्याकडं याला जोडून आणखी एक शंका निघते. कोगनोळीच्या पुढं गेलं किंवा चंदगडकडं उतरलं की फोन महाराष्ट्रातला टॉवर पकडतो, मग रोमिंग लागून बिल फुगेल का? देशातलं रोमिंग आता बहुतेक पोस्टपेड प्लॅनमध्ये धरलेलंच असतं. बिल फुगतं ते परदेशात फोन चालू राहिला तर, किंवा नकळत एखादं पॅक लागलं तर. अशा वेळी ६००ची मर्यादाच तुम्हाला जागं करते, कारण बिल कापलं जात नाही आणि मग चौकशी होते.

दुसरा दावा, न सांगता कापतात. नियम असा आहे की पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायला हवं: कोणाला, किती, कोणत्या तारखेला. ती सूचना आल्यावर तेवढा एक हप्ता थांबवायचा किंवा ऑटोपेच रद्द करायचं, दोन्हीची सोय द्यावी लागते. कापल्यावर पुन्हा कळवायचं.

पण "कळवलं" आणि "कळलं" यांत फरक आहे, आणि आपल्या भागात तो जास्तच आहे. काकूंच्या फोनमध्ये बाराशेच्या वर न वाचलेले एसएमएस होते. कर्जाच्या जाहिराती, रम्मीच्या जाहिराती, रिचार्जच्या ऑफर, निम्मे इंग्रजीत, निम्मे कन्नडमध्ये. काकू बाजारात कन्नड फाडफाड बोलतात, पण वाचायचं म्हटलं की अडतात. त्या ढिगात बँकेची खरी सूचना इंग्रजीत पडलेली होती, अगदी वेळेवर आलेली. तिच्यात तारीख होती, रक्कम होती, कंपनीचं नाव होतं. काकूंना ती कधी दिसलीच नाही. हा दोष ऑटोपेचा नाही, पण ज्याचा असेल त्यानं तो दूर करायलाच हवा. ज्या भागात लाखो लोक मराठीत व्यवहार करतात, तिथं पैसे कापायची सूचना मराठीत मिळायला काय हरकत आहे? तोपर्यंत आम्ही एवढं केलं: बिलाच्या तारखेच्या दोन दिवस आधीची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरवर केली, आणि यूपीआय अ‍ॅपची भाषा मराठी करून दिली. बहुतेक मोठ्या अ‍ॅपमध्ये ती सोय आहे.

पिन कंपनीला कळतो, हा तिसरा दावा. नाही कळत. पिन टाकायची जी चौकट उघडते ती कंपनीची नसते. तिथं टाकलेला पिन कुलूपबंद होऊन तुमच्या बँकेकडं पडताळणीला जातो आणि कंपनीला मिळतो तो फक्त मंजुरीचा एक क्रमांक. कार्डाचंही तसंच, ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आणि कंपन्यांना कार्डाचा पूर्ण नंबर जपून ठेवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली क्रमांक असतो.

चौथा दावा सगळ्यात जास्त घाबरवणारा: एकदा लावलं की बंद होत नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, बहुतेक वेळा प्रोफाइलच्या आत. तिथं चालू असलेल्या मंजुऱ्यांची यादी दिसते आणि प्रत्येकीखाली थांबवा, रद्द करा असे पर्याय असतात. काकूंचं जुनं ऑटोपे रद्द करायला आम्हाला मिनिटभरही लागलं नाही. कार्डावर लावलेलं असेल तर ज्या बँकेचं कार्ड, तिच्या नेटबँकिंगमध्ये जाऊन रद्द करायचं. कंपनीची परवानगी लागत नाही आणि बँकेनं यासाठी पैसे घ्यायचे नसतात. फक्त कापायच्या अगदी आदल्या दिवशी धावपळ करू नका, आणि हेही लक्षात घ्या की ऑटोपे रद्द झालं म्हणजे बिल माफ झालं नाही. ते दुसऱ्या वाटेनं भरावंच लागतं.

बँक हात वर करते का? तुमच्या मंजुरीशिवाय पैसे गेले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानं ग्राहकाला संरक्षण दिलंय. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी घोटाळा झाला, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर शून्य बोजा. पण पिन-ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. बँकेला लेखी तक्रार दिली आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्यासाठी १४४४८ हा नंबर आहे. बिलाचा आकडाच चुकीचा असेल तर मात्र बँकेशी भांडून उपयोग नाही. ती तक्रार फोन कंपनीकडं करायची आणि तिचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवायचा.

आता पाचवा सल्ला, दुकानात रोख भरा. याबद्दल मला घरचाच अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांचं बिल मी एका दुकानात रोख भरलं. दुकानदारानं नंबरचा एक आकडा चुकीचा मारला, पैसे तिसऱ्याच माणसाच्या नंबरवर गेले. मी पावती मागितली नव्हती. बाबा तेव्हा जांबोटीला शेतावर होते. त्यांच्या फोनचं आउटगोइंग बंद झालं, त्यांना वाटलं रेंज नाही. तिकडं रेंजचा तसाही भरवसा नसतो. तीन दिवस त्यांचा फोन आला नाही आणि मी लावला की कधी लागायचा, कधी नाही. त्या तीन दिवसांत आईनं जेवण नीट घेतलं नाही. रोख भरणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. भरायचंच तर भारत कनेक्टची, म्हणजे पूर्वीच्या भारत बिलपेची, व्यवहार क्रमांक असलेली पावती घ्या आणि त्यावरचा मोबाईल नंबर तिथंच उभं राहून वाचा. पण "रोख म्हणजे सुरक्षित" हे मी मान्य करणार नाही.

कारण फोनचं बिल चुकणं आता नुसतं फोनपुरतं राहिलेलं नाही. आधी आउटगोइंग बंद होतं, मग इनकमिंग, मग नंबरच जातो. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, आधार त्याच नंबरला, गॅसची नोंदणी त्याच नंबरवरून. कायमचा बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर तो देता येतो. तुमचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडायची वाट ही आहे.

मग कोणती वाट धरावी? माझं मत स्पष्ट आहे: यूपीआय ऑटोपे, पण मुख्य खात्यावर नाही. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं ठेवा. किमान शिल्लक न लागणारं मूलभूत बचत खातं मिळतं. त्यात दोन-तीन महिन्यांच्या बिलाएवढेच पैसे ठेवा, पिग्मी भरतो तसे थोडे थोडे टाकत राहा. काकूंचं आम्ही असंच केलं. पेन्शनच्या खात्याला आता कसलाच ऑटोपे नाही. सोसायटीतलं किंवा सौहार्द सहकारी संस्थेतलं खातं यासाठी चालत नाही, कारण ती संस्था बँक नसते आणि यूपीआयला जोडलेली नसते. ज्यांच्याकडं क्रेडिट कार्ड आहे आणि जे त्याचं बिल वेळेवर पूर्ण भरतात, त्यांनी कार्डावर लावलं तरी चालेल. कार्ड बदललं की ऑटोपे पुन्हा लावावं लागतं, तेवढं विसरू नका. नॅचचा फॉर्म, म्हणजे खात्यातून हप्ता परस्पर वळता करायला बँकेला दिलेली लेखी मंजुरी, मात्र फोन बिलासाठी भरू नका. तो कर्जाच्या हप्त्यांना ठीक आहे. खात्यात पैसे नसताना नॅच परत गेला की बँक दंड लावते.

पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात असू द्या. २०२५च्या ऑगस्टपासून यूपीआयचे ऑटोपे गर्दीच्या वेळा टाळून होतात, त्यामुळं सकाळी दहाच्या आतच रक्कम जाऊ शकते.

राहिली ती लिंक. पूर्ण मेसेजमध्ये खरा धोका फक्त त्या शेवटच्या ओळीत आहे. आधी घाबरवायचं, मग सुटकेची वाट म्हणून लिंक पुढं करायची. ऑटोपे बंद करायला कुठलीही लिंक, कुठलीही एपीके फाईल (फोनवर अ‍ॅप चढवणारी फाईल), कुठलाही कस्टमर केअरचा फोन लागत नाही. गल्लीतल्या कुणी ती दाबली असेल, फाईल उतरवली असेल तर आत्ताच इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला लगेच फोन लावा.

काकूंनी लिंक दाबली नव्हती. यादी बघताना त्यांच्या ऑटोपेत फोन बिलाच्या खाली आणखी एक नाव निघालं. गाण्यांचं कुठलंसं अ‍ॅप, महिना ९९ रुपये, सात महिने चालू. "एक रुपयात लावा म्हणून आलं होतं रे, भक्तिगीतं ऐकायला म्हणून दाबलं असेल मी," त्या म्हणाल्या. पिन टाकून त्यांनीच ते रद्द केलं. मग मागाच्या हिशेबाची वही काढली, शेवटच्या पानावर ६९३ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.