लोंबकळण्याजोगं लाकूड

घरी वॉल बार करायचा ठरवलं की पहिली परीक्षा वखारीत होते. ‘काय बनवायचंय?’ या प्रश्नाला ‘व्यायामाची शिडी, भिंतीला ठोकायची’ असं खरं उत्तर दिलं, की मालक आधी आपल्या पोटाकडे बघतो आणि मग सागाकडे बोट दाखवतो. बल्लारशाचा साग अयोध्येच्या राम मंदिराला गेला, हेही ऐकवतो. ते खरंच आहे. पण मंदिराच्या दाराला कुणी लोंबकळत नाही.

साग वाईट नाही. पिळत नाही, वाळवीला सहसा दाद देत नाही. दोन्ही उभ्या फळ्या खुशाल सागाच्या घ्या: आठ फूट लांब, पाच इंच रुंद, दीड इंच जाड. गोची होते ती आडव्या दांड्यांची. साग धक्का सोसण्यात कच्चा. स्थिर वजन पेलतो, पण कुणी झोका घेतला की फारशी पूर्वसूचना न देता मोडतो. ‘मग मल्लखांब कसा सागाचा चालतो?’ असं विचारणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. चालतो काका, पण त्याचा बुंधा मांडीएवढा असतो, आपला दांडा मनगटापेक्षा बारीक.

दांड्याला माझ्या मते धावडा सर्वांत चांगला. कुऱ्हाडीला तो उगाच घालत नाहीत. शहरातल्या वखारीत मात्र धावडा मागितला की मालक ‘उद्या या’ म्हणतो आणि हा उद्या कधी उगवत नाही. बाभूळ चालते, पण ती रंधताना सुतार आपल्याशी बोलणं सोडतो. राहता राहिले परदेशी ॲश आणि बीच. बीच पावसाळ्यात फुगतो, म्हणून कोकणात ॲशच घ्यावा. आंब्याला भुंगा लागतो, निलगिरी वाळताना पिळते आणि खोक्यांच्या पाईनमध्ये गाठी. झाडूचे तयार दांडे हा तर हाडवैद्याला रोजगार.

एवढी नावं घेतली, तरी खरं पाहायचं ते लाकडाच्या रेषेकडे, म्हणजे तंतू कुठल्या दिशेने धावतात तिकडे. तिरक्या रेषेच्या ॲशपेक्षा सरळ रेषेचा साग बरा. रंधलेल्या बाजूवर शाईचा थेंब टाका, तो रेषेबरोबर पसरतो. फूटभर लांबीत रेषा इंचभर बाजूला सरकली, तर तो तुकडा परत. हे लगतच्या दोन बाजूंवर करायचं, कारण एकीकडून सभ्य दिसणारं लाकूड दुसरीकडून कललेलं निघतं. दांड्याच्या मधल्या भागात गाठ असली तर विचारसुद्धा करू नका. मालक म्हणेल, ‘गाठ म्हणजे मजबुती साहेब!’ गाठीभोवती रेषा वळतात आणि दांडा नेमका तिथेच मोडतो.

जुन्या वाड्याचे वासे मिळाले तर सोनं, फक्त आधी लोहचुंबक फिरवा. आतल्या खिळ्याने करवतीचं पातं गेलं, तर आरा गिरणीवाला ते आपल्याच बिलात लावतो.

जाडीत कंजूषी नको. ३२ मिमीचा गोल दांडा ४० मिमीचा केला, की ताकद जवळजवळ दुप्पट होते, कारण ती व्यासाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. लहान मुलांच्या मुठीत ४० मावत नाही, म्हणून लंबगोल करा: उभा ४०, आडवा ३०. दोन फळ्यांमधलं अंतर ८० सेंमी, दांडे १४. छाटणी धरून एकूण अडीच घनफूट लाकूड लागतं. सुतार चार सांगेल. उरलेल्यात त्याला पाट करायचा असतो.

लाकूड आणल्या आणल्या कापू नका, महिनाभर घरातच आडवं पडू द्या. ओल्या लाकडाचा दांडा वाळून आकसतो, भोकात सैल होतो आणि प्रत्येक पुल-अपला कुरकुरतो. सागाला सरस लावण्याआधी जोड थिनरने पुसा, त्याच्या अंगच्या तेलामुळे सरस धरत नाही. शिवाय प्रत्येक टोकाला मागून एक स्क्रू द्या.

पॉलिशवर सुतार अडून बसेल, पण चकचकीत दांड्यावर घामेजला हात सटकतो. १२० नंबरचा, मग १८० नंबरचा काचकागद आणि जवसाच्या तेलाचा पुसट हात, बस्स. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते.

शेवटी दांडे तपासायचे. त्यासाठी घरातलं सर्वांत वजनदार माणूस लागतं आणि नेमकं तेच तयार होत नाही. तेव्हा ५० किलोच्या सिमेंटच्या दोन गोण्या दोराने दांड्याच्या मध्यावर टांगा, रात्रभर ठेवा आणि खाली जुनी गादी अंथरा.