वस्तूचे नाव

बॅग यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर माझी छत्री दिसत होती, जेवणाचा डबा दिसत होता, आणि दोघांच्या मधोमध चांगलं दीड वीत लांबीचं, टोकदार, काळंभोर काहीतरी.

"हे काय आहे?" सिक्युरिटीच्या ताईंनी विचारलं.

"तेच मलाही कळत नाहीये," मी म्हणालो.

खरं कुठे बोलू नये हे मला पंचावन्नाव्या वर्षीही समजलेलं नाही. ताईंनी बॅग बाजूच्या टेबलावर घेतली आणि एक लांबलचक वही उघडली. वस्तूचे नाव, नग, मालकाचे नाव, सही. मालकाचं नाव मला येत होतं.

मोबाईलची फुटलेली काच बदलून घ्यायला मी त्या मॉलमध्ये गेलो होतो. साडेतीन हजारांची काच. ती बदलायला आलेल्या माणसाने खिडकीची काच फोडण्याचं हत्यार बरोबर आणावं, हे त्यांना संशयास्पद वाटलं असेल तर मी समजू शकतो. पण त्या आधी सकाळभर मी रविवार पेठेत लोखंडाच्या दुकानांतून हिंडलो होतो, "हे काय आहे हो?" असं विचारत. एकाने लेथचं काहीतरी आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्याने न बघताच "चाळीस रुपये किलो" म्हटलं.

महिन्यापूर्वी आमचं बार्शीचं घर विकलं. पैशांची वाटणी शांतपणे झाली, भांडणं झाली ती सामानावरून. तांबं-पितळ थोरल्या पातीकडे गेलं आणि लोखंड आमच्याकडे. पितळी अधोली वहिनींनी नेली. अधोली म्हणजे दोन शेर, अर्धी पायली. तिच्यात आता मनी प्लांट आहे. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, मग अधोली, अशी सगळी उतरंड मी त्यांना समजावून सांगू लागलो, तर म्हणाल्या, "भावजी, पाणी किती घालायचं तेवढं सांगा."

तर माझ्या वाट्याला आली ती ही. एका बाजूला दाभणासारखं टोक, तिथून रुंद होत गेलेली लोखंडी पन्हळ, आणि मागे नळीचं उघडं तोंड. मुठीत धरायची जागा इतकी गुळगुळीत की आबांचा अंगठा कुठे बसत असेल ते कळतं. लहानपणी ती माजघरात खुंटीला असायची आणि तिला हात लावायची आम्हाला मनाई होती. कारण ती आबांची कट्यार होती, असं दादाकाका सांगायचे. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा आबा म्हणे ही कमरेला लावून बार्शीहून सोलापूरला गेले. "आणि ही मधली पन्हळ कशाला?" असं विचारलं की काका आवाज खाली आणायचे. "रक्त निथळायला."

सातवीत याच विषयावर मी वक्तृत्व स्पर्धेत बोललो. उत्तेजनार्थ कंपासपेटी मिळाली. पुढे कधीतरी हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, आबांचा जन्म १९२१ चा. नऊ वर्षांचं पोर कट्यार लावून मार्शल लॉ मोडायला निघालं होतं. काकांना विचारलं, तर त्यांनी क्षणाचाही विचार न करता अख्खी गोष्ट अठरा वर्षं पुढे ढकलली. "तीस नव्हे रे, अठ्ठेचाळीस. रझाकार!" बार्शी इंग्रजी मुलखात होती आणि शेजारीच निजामाची हद्द, त्यामुळे हेही बसत होतं. रक्त तसंच राहिलं, फक्त माणसं बदलली.

हे सगळं ताईंना सांगता आलं नसतं. मी नुसतं "जुनी घरगुती वस्तू आहे" म्हणालो.

"थांबा, थांबा. जरा इकडे बघू द्या."

माझ्या मागे रांगेत एक काका होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर निवृत्त माणसाची अफाट सवड. त्यांनी परवानगीची वाट न बघता वस्तू उचलली, चष्मा कपाळावर सरकवला, तिचा वास घेतला. मग स्टीलच्या कठड्यावर ती दोनदा वाजवली आणि कान देऊन ऐकली.

"बिडाचं नाही," ते म्हणाले. "घडीव आहे. आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"मग घोड्याचं नाही. तुमच्यात घोडे नसणार."

याचा राग यायला हवा होता, पण मी चक्क "नव्हते" म्हणालो.

"कलमं करायचे का आजोबा? आंब्याची?"

"बार्शीला?"

"मग झाडाचा चीक काढायचं असेल. पन्हळ बघा ना. चीक इथून येणार, असा वाहत जाणार, असा पडणार." चीक कसा पडणार ते दाखवताना त्यांनी टोक माझ्या शर्टाच्या दिशेने फिरवलं. ताई म्हणाल्या, "काका, खाली ठेवा ते." काकांनी ठेवलं नाही. रांग आता बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत गेली होती. कडेवर पोर घेतलेली एक बाई "आम्हाला तरी सोडा" म्हणत होती, आणि तिच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं, कारण एक तरुण मुलगा मोबाईलवर या वस्तूचा फोटो काढून तिचं नाव शोधत होता. मोबाईल म्हणाला, बागकामाचं खुरपं.

"अजिबात नाही!" काकांना तो वैयक्तिक अपमान वाटला. मग त्यांचे डोळे एकदम चमकले. "चीज!"

"काय?"

"चीजचं आहे हे. आमचा मुलगा हॉलंडला असतो. तिथे चीजची ही एवढाली चाकं असतात." हात पसरताना कापडी पिशवी मागच्या माणसाच्या पोटाला लागली. "ते आत पिकलंय की नाही हे वरून कसं कळणार? तर असंच, अगदी अस्संच खुपसतात, फिरवतात, बाहेर काढतात. कांडी येते. मी स्वतः पाहिलंय, चाखलंय. तुमचे आजोबा चीजच्या धंद्यात असणार."

"बार्शीला?" मी परत म्हणालो. माझ्याजवळ दुसरा मुद्दाच नव्हता.

"का? रेल्वे नव्हती का बार्शीला?"

होती. बार्शी लाइट, अडीच फुटी रूळ, १८९७ साली सुरू झालेली. ती कुर्डुवाडीहून हॉलंडला जात नव्हती, एवढंच माझं म्हणणं होतं. पण तोवर मागचे दोघे-तिघे "चीज, चीज" अशी माना डोलवायला लागले होते. माणसाला आपल्याच आजोबांविषयी अल्पमतात यावं लागतं, ही काय अवस्था आहे? मला बॅग हवी होती. काच हवी होती. त्याहून, मी माझ्या घरातली एक वस्तू ओळखू शकत नाही हे पन्नास अनोळखी लोकांसमोर सिद्ध व्हायला नको होतं.

इतका वेळ ताई गप्प होत्या. त्यांनी काकांच्या हातातून वस्तू काढून घेतली, उलटी केली आणि नळीचं तोंड स्वतःच्या तळहातावर टेकवलं. एवढं केल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

"ही परखी हाय," त्या म्हणाल्या. "अडत्याकडं असती. पोत्यात खुपसायची."

"पारख करते ती परखी," काका लगेच म्हणाले, जणू त्यांनीच सांगितलं.

ताई औशाकडच्या. लहानपणी वडिलांबरोबर त्या लातूरच्या अडतीवर जायच्या. "पोतं उतरवलं की ह्यो येऊन खुपसणार, त्यो येऊन खुपसणार. पोतं फाडायचं काम नाही. तिकडनं टोक आत, इकडनं दाणं हातात. दाताखाली धरायचं, भाव बोलायचा, आन दाणं टाकायचं अडत्याच्या ढिगात. परत पोत्यात कोण टाकतंय? धा पोती आन चार गिऱ्हाईकं, करा हिशेब. पुन्हा कडता येगळा, हमाली येगळी." त्यांनी परखी टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे टाकलीच. "संध्याकाळी त्यो ढीग इकायचे. माझा बाप म्हणायचा, तलवार परवडली."

कोणी हसलं नाही. काकासुद्धा.

आणि मला आबांच्या कोटाचा खिसा आठवला. आबा अडतीवर दिवाणजी होते. हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, फक्त त्याचा कट्यारीशी संबंध कोणी लावला नव्हता. ते संध्याकाळी आले की आम्ही पोरं कोटावर तुटून पडायचो. डाव्या खिशात हरभरे, उजव्यात कधी शेंगदाणे, कधी नुसती ज्वारी. ज्वारी आजी चिमण्यांना टाकायची. हरभऱ्यांना कोटाचा, तपकिरीचा वास असायचा. पुढे घरातच हरभरे आणून भाजून बघितले, तशी चव आली नाही. त्याला आबा "वानगी" म्हणायचे. आम्हाला वाटायचं, वानगी हा खाऊचाच एखादा प्रकार आहे.

वानगी बरोबर, पण कोणाची?

हे काच बदलायला आलेल्या माणसाला शनिवारी दुपारी भर रांगेत कळायला हवंच होतं का? आठवणी वाटणीत येत नाहीत असा माझा समज होता. आल्या, आणि लोखंडाबरोबर माझ्याच वाट्याला आल्या. वहिनींचा मनी प्लांट सुखात आहे.

ताईंनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, "परखी, नग १", आणि पेन माझ्यापुढे केलं. मी सही करायला वाकलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "तुमचे आजोबा अडत्याकडं होते व्हय?"

पेन चालत नव्हतं. मी ते दोनदा झटकलं.

"नाही हो," मी म्हणालो. "चीजच्या धंद्यात होते."

"मी म्हटलं नव्हतं?" काका मागच्या माणसाला म्हणाले.