खुर्च्या कशा मांडल्यात?

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. गच्चीवर रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर टेबल, टेबलामागे कमिटी. दीड तास आम्ही एकमेकांची डोकी मागून बघत बसलो. शेवटी "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारलं, तोवर खाली फाफडा-जलेबी येऊन पोचली होती. सगळे ठराव एकमतानं मंजूर!

मला अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आठवला. १८९६ साली शिकागोत त्यानं मुलांसाठी एक प्रायोगिक शाळा काढली आणि बाकं शोधत दुकानं पालथी घातली. एक दुकानदार त्यातल्या त्यात शहाणा निघाला. म्हणाला, तुम्हाला मुलांनी काम करायला बाकं हवीत, आमच्याकडची सगळी नुसती ऐकायला बसायची आहेत.

तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, शिक्षण, राजकारण, हा माणूस सगळीकडे फिरला, पण धागा एकच. शरीर आणि मन वेगळं करू नका. 'देह-मन' असा जोडशब्दच तो वापरायचा. (लिहायचा मात्र भयंकर रटाळ. मी दोनदा हात टेकलेत.) सत्तावन्नाव्या वर्षाच्या आसपास तो एफ. एम. अलेक्झांडर नावाच्या गृहस्थाकडे मान-पाठ कशी धरायची ते शिकायला लागला. पोक काढून बसणाऱ्याला "ताठ बस" म्हटलं की तो ताठ बसत नाही, फक्त वेगळ्या तऱ्हेनं वाकडा होतो. सवय अंगात असते, हुकमानं जात नाही. हे ड्यूईनं स्वतःच्या मानेवर अनुभवलं.

आता आपल्या बडोद्यात या. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे ड्यूई त्यांचे गुरू. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यात नोकरीला आले. हुद्दा पक्का, हुकूम महाराजांचा. आणि कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचा. पारशी धर्मशाळेतून तर लोक काठ्या घेऊन त्यांना हाकलायला आले. कमाटी बागेतल्या झाडाखाली ते बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. मी तिथून स्कूटरवरून जातो तेव्हा मला झाडाआधी तो फाइल फेकणारा हात दिसतो. महाराजांचा हुकूम त्या हातापर्यंत पोचलाच नव्हता. आणि १९३६ च्या, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या लिहून तयार असलेल्या पण न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नाही, मुळात ती एकत्र जगण्याची रीत आहे, असं लिहिलं, ते ड्यूईचंच सूत्र. पण ड्यूईला ते सुचलं असेल, बाबासाहेबांना भोगावं लागलं होतं. हा फरक मला मोठा वाटतो.

ड्यूईचं आणखी एक म्हणणं मला पटतं. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, चांभार कितीही हुशार असो.

आमच्या मीटिंगमधल्या पाण्याच्या टाकीचंच घ्या. कमिटीनं कोटेशनं आणली, तक्ते केले. मीटिंग संपल्यावर ओटल्यावर जलेबी खाताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "टाकीचं काय घेऊन बसलात! सकाळी सातला आमच्या नळाला धारच नसते. मी खालून बादल्या आणते, हे बघा खांदा." तोवर कुणाला पत्ताच नव्हता. मीटिंगमध्ये त्या तिसऱ्या रांगेत होत्या, माझ्या बरोब्बर मागे.

मी सेक्रेटरींना म्हटलं, पुढच्या वेळी खुर्च्या गोल मांडू या.

ते खरंच विचारात पडले. म्हणाले, "अहो, पण मग टेबल कुठं ठेवायचं?"