‘एक पालक, म्हापसा’ यांच्या कॉमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

सर, तीस वर्षं शाळेत शिकवलंय असं तुम्ही लिहिलंय म्हणून सरच म्हणते. तुमची कॉमेंट आल्या आल्या वाचली होती पण उत्तराला चार दिवस लागले कारण पहिले दोन दिवस मला राग आला होता आणि रागात लिहिलेलं मी हल्ली पोस्ट करत नाही.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘नवीन जीवघेणा चॅलेंज आलाय, मुलांचे मोबाईल आजच काढून घ्या, दहा ग्रूपवर पाठवा’ असा एक मेसेज फिरत होता, तो मी पुढे पाठवला नाही आणि का नाही पाठवला ते लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं की तुला स्वतःचं मूल नाही म्हणून हे सुचतंय, एक मूल जरी वाचलं तर मेसेज पाठवण्यात वाईट काय, आमच्या वेळी डिप्रेशन वगैरे नव्हतं, आणि आत्महत्या हा शब्द असा उघड लिहून तूच मुलांच्या डोक्यात नको ते घालतेस, तू काय डॉक्टर आहेस का.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. मागच्या पोस्टमध्ये मी पालकांना ‘फॉरवर्ड ब्रिगेड’ म्हटलं, ते म्हणायला नको होतं. रात्री अकराला असा मेसेज पाठवणारी आई टाइमपास करत नसते, ती घाबरलेली असते. तो शब्द मी काढून टाकलाय. मूल नाही हेही खरं, पण भाची आहे, तिच्याकडे येतेच.

आता मेसेज. २०१७ चा ब्लू व्हेल आठवतो ना, मुलांना आत्महत्येपर्यंत नेतो म्हणून गाजलेला तो ऑनलाइन खेळ? ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सअॅप सगळ्यांना लिंक काढायला सांगितल्या, टीव्हीवर रोज एक नवीन केस, शाळांत सर्क्युलर. मग समिती नेमून तपास झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये संसदेत उत्तर आलं की यातल्या एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध करता आलेला नाही. पण हे उत्तर कुठल्या ग्रूपवर फिरलं? मला तरी कुणी पाठवलं नाही. २०१९ मध्ये तसाच मोमो चॅलेंज, त्यातली ती बटबटीत डोळ्यांची बाई, ती जपानमधल्या एका कलाकाराने २०१६ च्या प्रदर्शनासाठी केलेली मूर्ती होती आणि सगळीकडे बोंब झाली तोवर ती कुजली म्हणून त्याने टाकूनसुद्धा दिली होती. ब्रिटनमध्ये तर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाच पुढे येऊन सांगावं लागलं की पुरावा काही नाही, उगाच घबराट पसरवू नका.

धोका नाही असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. लंडनची मॉली रसेल चौदा वर्षांची असताना २०१७ मध्ये गेली. २०२२ मध्ये कोरोनरच्या (तिकडे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) चौकशीत निघालं की शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर लाइक, सेव्ह, शेअर केलेल्या १६,३०० पोस्टपैकी २,१०० डिप्रेशन, स्वतःला इजा करून घेणं आणि आत्महत्या यांवरच्या होत्या. तिला कुणी चॅलेंज दिला नव्हता. ती बघत गेली आणि अॅप वाढत गेलं, पंगतीत आग्रही यजमान पानावर हात आडवा धरला तरी वाढतो ना तसं. तिच्या मृत्यूला या मजकुराचाही हात लागला असं कोरोनरने नोंदवलं.

आणि हे मी घरात बघितलंय. (भाचीला विचारून लिहितेय, तिने वाचून दोन वाक्यं कापली.) ती दहावीला होती, चवथीचे दिवस, माझा फोन चार्जिंगला म्हणून तिच्या फोनवर खतखत्याची (आमची मिसळीची भाजी) रेसिपी शोधायला इन्स्टा उघडलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, मागे पावसाचा आवाज, ‘मी नसले तर कुणाला किती दिवसांनी कळेल’. सरकवलं तर पुढचं तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. मी मोजत गेले, अकराव्याला एक मांजर आलं आणि मग परत पाऊस. खतखतं राहिलं बाजूला.

मग मी काय केलं माहितीय? तुम्ही सांगताय तेच. ओरडले, फोन काढून घेतला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. पोर जेवत होती, ट्यूशनला जात होती, विचारलं तर ‘हूं’. मला वाटलं जमलं. नंतर कळलं की मैत्रिणीचा जुना, स्क्रीन फुटलेला फोन ती दप्तरात ठेवायची आणि रात्री पांघरुणात तेच बघायची, फक्त आता मला काही सांगायची सोय उरली नव्हती कारण सांगितलं की हाही जाणार. म्हणजे फीड तसंच राहिलं आणि मावशी तेवढी गेली.

ती बोलली ती पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये. म्हापशाहून पणजीला येत होतो, फ्लायओव्हरच्या कामामुळे सगळं ठप्प, ती स्कूटरवर मागे. तोंड समोर नसलं की मुलं बोलतात हे मला तेव्हा कळलं. ‘मावशे, रागार जावं नाका, एक सांगूं?’ आणि मग सगळं, मार्कांचं, एका मैत्रिणीने बोलणं टाकल्याचं, रात्री झोप येत नाही त्याचं. मी पुढे बघूनच विचारलं, जीव द्यावा असं वाटतं का गो तुला? विचारताना माझेच हात थरथरत होते. मागून टेम्पोवाला हॉर्न मारतोय, ही गप्प, आणि मग म्हणाली, ‘केन्ना केन्ना’. कधी कधी.

स्कूटर कडेला घेतली. भाषण सुचलं असतं तर केलंही असतं, सुचलं नाही, म्हणून वाचलो. गाड्यावर रस-आमलेट खाल्लं दोघींनी, पाव तिने माझ्यापेक्षा जास्त खाल्ले. त्या रात्री ती माझ्याकडेच झोपली, एकटी ठेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आईला घेऊन बांबोळीला, मानसोपचाराच्या सरकारी हॉस्पिटलात.

आता इथे माझी बहीण, शिकलेली बाई, काय म्हणाली? ‘बांबोळीक? लोक कितें म्हणटले?’ सर, तुम्ही म्हणता तुमच्या वेळी हे नव्हतं. मग आल्तिनोवर कोण होतं? बांबोळीच्या आधी ते हॉस्पिटल पणजीत आल्तिनोवरच होतं, पोर्तुगीज काळापासूनचं, आणि आमची आजी कुणी जरा वेगळं वागला की ‘आल्तिनार व्हर ताका’ (आल्तिनोवर ने त्याला) म्हणायची. नव्हतं कसं, टेकडीवर ठेवलं होतं एवढंच. ओपीडीत आमच्या बाकावर एक बँकेतले गृहस्थ होते, एक बाळंतीण, एक कॉलेजचा मुलगा हेडफोन लावून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, बहीण तेवढी ओढणी तोंडावर घेऊन बसली होती.

त्या जुन्या हॉस्पिटलला नाव होतं आबे फारियाचं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी बाईवर हात उगारून उभा असलेला त्याचा पुतळा, टुरिस्ट त्याला मांत्रिक समजून सेल्फी काढतात. हा आपला कांदोळीचा माणूस १८१३ मध्ये पॅरिसमध्ये सांगत होता की संमोहन करणाऱ्याच्या हातात कसलीही जादू नसते, सूचना घेणाऱ्याच्या मनात सगळं घडतं. तुमचा शब्दांबद्दलचा मुद्दा मला इथे अर्धा पटतो. सूचना लागते, नक्की लागते. कुणी कसा जीव दिला याचं बारीक वर्णन, फोटो, ‘शेवटी सुटला बिचारा’ असली भाषा, याचं अनुकरण होतं म्हणूनच प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये पेपरवाल्यांना हे छापू नका म्हणून नियम घालून दिले. पण आपल्या माणसाला सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे तपासून झालंय, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं की विचारलं कुणीतरी. आणि जो मेसेज तुम्ही पाठवताय त्यात चॅलेंजचं नाव आहे, काय करायचं ते आहे, कुठे सापडेल तेही आहे. सूचना देतंय कोण मग?

डॉक्टर मी नाही, बरोबर. पण याच गोव्यात संगाथ संस्थेने ‘मानस’ नावाचा प्रयोग केला, आरोग्याशी संबंध नसलेल्या साध्या माणसांना दोन महिने ट्रेनिंग देऊन डिप्रेशन आणि चिंतेच्या पेशंटसाठी दवाखान्यांत बसवलं, वर डॉक्टर होतेच. सरकारी आरोग्य केंद्रांत याचा चांगला उपयोग झाला, २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते. त्यांना ट्रेनिंग होतं, मला तेही नाही, पण ऐकायला आणि बांबोळीपर्यंत सोबत जायला काही शिकावं लागत नाही. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. घरच्यांनीसुद्धा लावला तरी चालतो. पोलीस केस होईल म्हणून लपवणारे अजून भेटतात, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नाही, उपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

फोनबद्दल तुमचं थोडं ऐकलंच आहे मी. रात्री दहानंतर फोन फ्रिजवर, पण दोघींचे, हा तिचा हट्ट, आणि जास्त त्रास मलाच झाला. आम्ही बसून तिचं फीड धुतलं, एकेक व्हिडीओवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबत, आठवडाभर खतखतं, मांजरं आणि फुगड्या शोधत. अजून वाईट दिवस येतात तिचे. गेल्या महिन्यात आला होता, तेव्हा तिने स्वतःच फोन केला, ट्यूशन बुडवली, मी काही बोलले नाही.

बाकी सर, तुमची कॉमेंट मी डिलीट करणार नाही, काही वाचकांनी सांगूनसुद्धा. फक्त शेवटच्या परिच्छेदात तुम्ही ‘पालकांनी सावध राहावं म्हणून’ त्या चॅलेंजची आणि तीन हॅशटॅगची नावं दिली होती, तेवढी चार नावं काढलीत. बाकी एक शब्द बदललेला नाही, मला मारलेले टोमणेसुद्धा तसेच आहेत. राग आला तर परत लिहा, पण नावं नको.